जरा म्हणजे किती क्लिक

पुण्याहून कोणाचाही फोन आला की तिसऱ्या वाक्यात तो प्रश्न येतो. "मग रायफल घरात कुठे ठेवता?"

घरात ठेवत नाही. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीचं टेबल ठेवायला जागा नाही आणि ते गेली तीन वर्षं बेडच्या मागे उभं आहे. शिवाय इथे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने रायफल घरी नेण्याचा प्रश्नच येत नाही. ती क्लबाच्या नावावर असते आणि क्लबाच्या शस्त्रागारात कुलपात राहते. आपण जायचं, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, नेमबाजी करायची, परत द्यायची. हे मी माहेरी आणि सासरी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता फोन आला की आधी हेच सांगते आणि मग तब्येतीची चौकशी करते. तरी पुढच्या फोनला तोच प्रश्न असतो. मोठ्या जाऊबाई तर विचारतात, "मुलीच्या हाताला लागत नाही ना?" मुलगी कॉलेजला जाते. तिच्या हाताला घरातला झाडूसुद्धा लागत नाही.

हा छंद मला कसा लागला ते आधी सांगून टाकते. कॉलेजात एनसीसीत असताना माझा नेम चांगला होता. पण रायफलचा दस्ता माझ्या हाताला लांब पडायचा आणि गाल टेकवायला मान ताणावी लागायची. शिबिराच्या संघात मला राखीव ठेवलं. "उंची कमी पडते," एवढंच कारण सांगितलं. मी शिबिरभर दुसऱ्यांच्या गोळ्यांचे खोके उचलले. पुढे नोकरी, लग्न, दुबई, मुलगी. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा शनिवार रिकामे झाले आणि मी क्लबात नाव घातलं.

तिथे हिवाळ्यात एक जुन्या रायफलींची स्पर्धा होते. महायुद्धाच्या काळात स्नायपर, म्हणजे लांबून आणि लपून नेम धरणारे सैनिक, ज्या रायफली वापरत, त्या नमुन्याच्या दुर्बीणवाल्या रायफलींनी खेळायची. खेळ जोडीचा असतो. एकाने गोळी झाडायची, दुसऱ्याने शेजारी पालथं पडून मोठ्या दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते बघायचं आणि सांगायचं. अस्सल जुन्या रायफली आता संग्राहकांकडे काचेत असतात, त्यांनी दर शनिवारी कोणी गोळ्या झाडत नाही. म्हणून नकलेला परवानगी आहे. जुन्या आराखड्यावरून नव्याने केलेली दुर्बीण, दुर्बीण रायफलला धरून ठेवणारी नव्याने केलेली कडी, आणि ती बसवायला तशाच साच्याची रायफल. अट एकच. त्या काळच्या सैनिकाकडे जे नव्हतं, ते रायफलवर असता कामा नये. फोम नाही, रबर नाही, चिकटपट्टी नाही.

क्लब अशी एक नवी रायफल जुळवणार होता. मी अर्ज केला आणि लिहून दिलं की भाग मागवण्याचा सगळा पाठपुरावा मी करेन, पण गालाखालचा लाकडी ठोकळा माझ्या मापाचा पाहिजे. मला एकदा तरी माझ्या गालाला बसणारी रायफल हवी होती. यात भावनेचा भाग आहे हे मला कळतं. मी तो एका ओळीत लिहिला आणि पुढच्या कामाला लागले.

पुढचं काम म्हणजे दोन वर्षांचा वैताग. मी मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. खोर फक्कान बंदरात अडकलेले कंटेनर मी जागेवरून न उठता फोनवर सोडवते. पण हा एक ठोकळा, अक्रोडाच्या लाकडाचा, माझ्या हाताच्या पंजाएवढा, त्याला यायला अख्खा उन्हाळा गेला. दुर्बीण एका देशातून, कडी दुसऱ्या देशातून, दुर्बीण ठेवायचा पत्र्याचा डबा तिसऱ्याच ठिकाणाहून. प्रत्येक गोष्टीला क्लबाचं पत्र, पत्राला शिक्का, आणि शिक्का मारणारा माणूस रजेवर. आधी कडी आली ती दुसऱ्याच नमुन्याची. परत पाठवायचे कागद मागवायच्या कागदांपेक्षा जास्त. ठोकळा आला तो सहा फुटी माणसाच्या जबड्याचा. शस्त्रागार सांभाळणारे चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. ते माझ्याशी मराठीतच बोलतात. मी विचारलं, "चाचा, हा घासून कमी कधी होईल?"

"होईल ताई, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणजे या शनिवारी की पुढच्या?"

"ताई, तुम्ही अल्लाकडे पण तारीख मागता."

झाला, तोही झाला. पाच खेपांनंतर. दर खेपेला मी गाल टेकवायचा, चाचांनी बघायचं, थोडं घासायचं. शेवटच्या खेपेला मी डोळे मिटून गाल टेकवला, उघडले, आणि दुर्बिणीतलं वर्तुळ आपोआप डोळ्यासमोर पूर्ण गोल होतं. मान ताणावी लागली नाही. चाचा म्हणाले, "खलास?" मी म्हटलं, "खलास."

आता जोडीदाराचा प्रश्न. क्लबातले सगळे आपापल्या जोड्यांत होते. नवरा म्हणाला, "मी येतो की. नुसतं बघून सांगायचं तर आहे."

नवरा बांधकामावर इंजिनियर आहे. साइटवर तो मिलिमीटरवरून भांडतो. फरशीची फट दोन सूत वाकडी असली तर उखडायला लावतो. मला वाटलं, याच्यापेक्षा चांगला निरीक्षक कुठे मिळणार? पहिल्या सरावाला मी गोळी झाडली आणि विचारलं, "कुठे?"

"जरा डावीकडे घे."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा गं."

दुर्बिणीवर दोन चाकं असतात. एक वरखाली, दुसरं डावंउजवं. चाक फिरवलं की टक् असा आवाज होतो, त्याला क्लिक म्हणतात. मला क्लिक हवे होते. मी त्याला तक्ता करून दिला. जाड कागदावर, वर प्लॅस्टिक. इतक्या अंतरावर इतकी बोटं म्हणजे इतके क्लिक. तो त्याने चहाच्या कपाखाली ठेवला. "अहो, तुम्ही साइटवर मजुराला 'जरा भिंत सरकव' असं सांगता का?"

"साइटवर मला पगार मिळतो."

चार शनिवार असे गेले. परतीच्या रस्त्यावर शारजाच्या त्या जाममध्ये आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि तो जाम लहान नसतो. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. त्याचं मोजमाप ढिसाळ नव्हतं. त्याचं 'जरा' दर वेळी एकच क्लिक निघायचं. 'बऱ्यापैकी' म्हणजे दोन. 'अगं खूपच' म्हणजे तीन, आणि 'अगं' लांबवलं तर चार. मी हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मुद्दाम बदललं असतं.

स्पर्धेत उतरण्याआधी नव्या रायफलची परीक्षा असते. ती घेणारा आमचा संयोजक. निवृत्त इंग्रज, अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर राहतो, आणि तिथून पहाटे निघून सगळ्यांच्या आधी रेंजवर येऊन हातात नियमांची फाइल घेऊन उभा असतो. तो बोलतो अर्थात इंग्रजीत. मी इथे मराठीत देते आहे. त्याचा नियम असा: दोनशे यार्डांवर पाच गोळ्या चाचपणीच्या. मग पाच मिनिटं थांबायचं, रायफल पुसायची, स्क्रू आवळायचे. मग पाच गोळ्या मोजायच्या. त्या पाचही त्याच्याकडच्या चहाच्या डब्याच्या झाकणाखाली झाकल्या गेल्या पाहिजेत. झाकण जुनं आहे, त्यावर कुठल्याशा राजवाड्याचं चित्र आहे. एक जरी भोक बाहेर राहिलं तरी रायफल या हंगामापुरती नापास. दुसरी संधी नाही, कारण नावं त्याच दिवशी बंद होतात. नापास झाली तर दुर्बीण उतरवून दुसऱ्या जोडीच्या रायफलला जाणार होती, आणि ते लोक दर आठवड्याला चाचांकडे येऊन माझ्या दुर्बिणीची चौकशी करत होते.

परीक्षा नेमकी खंडेनवमीला आली.

घरी सकाळी आम्ही हत्यारांची पूजा करतो. आमची हत्यारं म्हणजे नवऱ्याचं ड्रिल मशीन, मापाची टेप, माझा लॅपटॉप, सुरी, किसणी. मुलीने तिचा टॅब ठेवला आणि म्हणाली, "आई, नो कुंकू ऑन द कॅमेरा, प्लीज." झेंडूची फुलं दुकानात मिळाली तेवढी आणली. नवरा म्हणाला, "खरं हत्यार तर क्लबात आहे."

"त्याचं मनातल्या मनात करा," मी म्हटलं. "तिथे काहीही न्यायचं नाही. आज परीक्षा आहे."

"नाही नेत."

माझ्या पिशवीत काय काय होतं ते मी दोनदा तपासलं. ओळखपत्रं, कानाचे बोळे, पाणी, मऊ फडकं, जाड सतरंजी. नवऱ्याच्या शर्टाचा खिसा मी तपासला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस खिसे तपासत नाही.

रेंजवर पोचल्यावर मी सही करायला आणि गोळ्या घ्यायला रांगेत थांबले. रांग मोठी होती, आणि माझ्या पुढचा गृहस्थ ओळखपत्र गाडीत विसरून आला होता. नवरा पुढे चाचांकडे गेला. मी पोचले तेव्हा रायफल टेबलावर तयार होती. दुर्बीण एरवी पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवलेली असते आणि आयत्या वेळी रायफलच्या डाव्या अंगाला दोन मोठ्या स्क्रूंनी बसवतात. ती बसवलेली होती.

"कोणी बसवली?"

"मीच," नवरा म्हणाला. "एक दिरहमच्या नाण्याने आवळली. घट्ट आहे."

चाचा काहीतरी बोलणार होते, पण दुसऱ्या कोणीतरी त्यांना हाक मारली. मी स्क्रू हाताने दाबून पाहिले. घट्ट होते. नवऱ्याच्या अंगठ्याला लाल लागलेलं दिसलं. सकाळच्या पूजेचं असणार, असं म्हणून मी सोडून दिलं.

ऊन चढायला लागलं होतं. ऊन चढलं की दुर्बिणीतून टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखं हलतं, म्हणून मला लवकर उरकायचं होतं. मी सतरंजीवर पालथी पडले, गाल ठोकळ्याला टेकवला. वर्तुळ पूर्ण गोल. पहिली गोळी.

"अगंऽऽ खूपच," नवरा म्हणाला. "डावीकडे घे."

मी तीनच क्लिक डावीकडे घेतले, चार मला पटेनात. गेल्या शनिवारी हीच रायफल मधोमध मारत होती. दुसरी गोळी.

"जरा डावीकडे."

एक क्लिक. तिसरी.

"बऱ्यापैकी उजवीकडे."

मी मान वर केली. "आत्ता तर डावीकडे म्हणालात."

"आत्ता डावीकडे होतं. आता उजवीकडे घे."

"अहो, रायफल तीच आहे, मी तीच आहे."

"म्हणून तर सांगतोय, उजवीकडे घे."

मागे संयोजक उभा होता. त्याला मराठी येत नाही, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तो दोन पावलं मागे सरकला. मी दात आवळून दोन क्लिक उजवीकडे घेतले. चौथी गोळी.

"जरा उजवीकडे."

हे मी घेतलं नाही. मला खात्री होती की हा दुर्बिणीतून भलतंच भोक बघतो आहे. पाचवी झाडली.

"बऱ्यापैकी उजवीकडे. मघाशी सांगितलं तेव्हा घेतलं असतंस तर—"

"पुरे."

संयोजकाने घड्याळ लावलं. पाच मिनिटं. तो आपल्या दुर्बिणीतून बघून म्हणाला, "भोकं एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत निघाली आहेत. काहीतरी हलतं आहे. दुर्बीण असेल किंवा नेमबाज असेल."

म्हणजे नवरा बरोबर सांगत होता. याचा मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही.

मी स्क्रू सोडवून दुर्बीण उतरवली. जिथे कडी रायफलला टेकते ती पोलादाची जागा आरशासारखी साफ असावी लागते. तिथे गुलाबी पीठ होतं. तेलात कालवल्यासारखं, आणि त्यात एक अर्धवट तुकडा. मी तो नखाने उचलला.

तांदूळ. कुंकू लावलेला.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने तांदळाकडे बघितलं आणि मग आकाशाकडे.

"दोनच दाणे टाकले होते," तो म्हणाला. "एकच चिकटला असेल. चाचांनी रायफल कुशीवर झोपवून ठेवली होती ना, वर तेल होतं."

चाचा धावत आले होते. "ताई, मी त्यांना म्हटलं, खाडीपलीकडचं देऊळ आहे असं समजा, लांबूनच नमस्कार करा. ते म्हणाले एक मिनिट. मी म्हटलं वर्षाचा सण आहे तुमचा, करू दे. मी पाठ वळवली तेवढ्यात दुर्बीण चढवून मोकळे."

सगळं उलगडलं. दाणा कडीखाली अडकला, दुर्बीण तिरकी बसली, म्हणून पहिली गोळी उजवीकडे लांब गेली. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने दाणा भरडला जात होता आणि दुर्बीण थोडी थोडी सरळ होत होती. मी त्या सरकणाऱ्या गोष्टीला क्लिक लावत बसले होते.

संयोजक वाकून बघत होता. "हे काय आहे?"

"तांदूळ," मी म्हटलं.

"रायफलमध्ये तांदूळ का आहे?"

मी नवऱ्याला म्हटलं, "सांगा." त्याने सांगितलं. आज आम्ही अवजारांचे आभार मानतो, कुंकू लावतो, अखंड तांदूळ वाहतो. संयोजकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइल उघडली. मला वाटलं, आता हा मूळ सैनिकाकडे तांदूळ नव्हता असं म्हणणार. त्याने पानं चाळली.

"नियमात पुसायला परवानगी आहे," तो म्हणाला. "काय पुसायचं ते लिहिलेलं नाही. तीन मिनिटं उरली आहेत."

मी फडक्याने पुसलं. कोरड्या फडक्याने, मग तेलाच्या, मग पुन्हा कोरड्या. चाचांनी दिवा धरला. दुर्बीण चढवली, स्क्रू मी स्वतः आवळले. आता चाचपणीच्या गोळ्या संपल्या होत्या. पुढची प्रत्येक गोळी मोजली जाणार होती. दाणा गेला म्हणजे त्याच्या नादी लागून फिरवलेले क्लिकही परत घ्यायला हवेत. डावीकडे चार घेतले होते, उजवीकडे दोन. मी दोन उजवीकडे फिरवून गेल्या शनिवारच्या खुणेवर आणलं. तिथे रायफल मधोमध मारत होती. तिथेच मारायला हवी.

मी गाल टेकवला. श्वास सोडला. चापावर बोट ठेवलं.

"जरा उजवीकडे," नवरा म्हणाला.

मी अजून गोळी झाडलीच नव्हती. "कशावरून?"

"झेंडा फिरला. मघाशी लटकत होता. वारा उजवीकडून आहे, आणि ती उन्हाची वाफ बघ, सगळी डावीकडे पळते आहे."

दुर्बिणीतून मला झेंडा दिसत नव्हता. मला फक्त हलणारं टार्गेट दिसत होतं आणि माझी खूण मला माहीत होती. खुणेवर ठेवलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं. एकीकडे गेल्या शनिवारचा पक्का आकडा होता, दुसरीकडे अर्ध्या तासापूर्वी माझ्या रायफलला तांदूळ खाऊ घालणारा माणूस. त्याच्यावर मी इतकी चिडले होते की त्याने सांगितलं म्हणूनच ते करू नये असं वाटत होतं. पण त्या सकाळी त्याने पाच गोळ्या बघितल्या होत्या आणि पाचही वेळा बरोबर सांगितलं होतं.

मी एक क्लिक उजवीकडे घेतला. जरा म्हणजे एक.

पाच गोळ्या झाडल्या. नवरा मध्ये एकदाही बोलला नाही. चौथीनंतर मी विचारलं, "काय?" तर म्हणाला, "काही नाही. चालू दे." आमच्या संसारात हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही.

टार्गेट आणलं गेलं. संयोजकाने टेबलावर पसरून त्यावर झाकण ठेवलं. चार भोकं आत गेली. पाचव्याची कड बाहेर डोकावत होती. त्याने झाकण केसभर सरकवलं. आता ते आत गेलं आणि पहिल्याची कड बाहेर आली. चाचा पुटपुटत होते, नवरा पलीकडे बघत होता. संयोजकाने चष्मा काढला, पुसला, घातला, झाकण थोडं फिरवून पुन्हा ठेवलं. राजवाडा उलटा झाला. भोकं पाचही दिसेनाशी झाली.

"झाकण पूर्ण गोल नाही," तो म्हणाला. "एकदा माझ्या हातून पडलं होतं. नियमात झाकण कसं ठेवायचं ते लिहिलेलं नाही." आणि त्याने सही केली.

दुर्बिणीची चौकशी करणारी ती दुसरी जोडी त्या दिवसापासून मला बघून मान हलवते, बोलत नाही.

परतताना जाम नेहमीसारखा होता. गाडी मी चालवत होते. नवऱ्याच्या खिशातून झेंडूच्या पाकळ्या सीटवर सांडल्या होत्या. त्या घरी जाऊन झाडाव्या लागणार आणि त्या मलाच झाडाव्या लागणार हे दिसतच होतं. मी त्याला स्वच्छ सांगितलं की हिवाळ्यात स्पर्धेच्या दिवशी रायफलपासून तो चार हात लांब राहील, दुर्बीण मी बसवेन, आणि त्याचे खिसे रेंजच्या गेटवर रिकामे होतील.

"नारळ?" त्याने विचारलं.

"घरी."

"पार्किंगमध्ये चालेल का?"

पुढची गाडी थोडी हलली.

आठवड्याने संयोजकाची मेल आली. स्पर्धेची नावं, वेळा आणि सुधारलेले नियम. आमच्या जोडीचं नाव यादीत होतं. नेमबाज मी, निरीक्षक नवरा, हंगामभर बदल करता येणार नाही. नियमांत शेवटी एक नवी ओळ होती: रायफल आणि दुर्बीण यांच्यामध्ये कोणताही खाद्यपदार्थ असू नये. नवऱ्याने ती ओळ मोठ्याने वाचली आणि पुण्याला फोन लावला. पलीकडून आधी विचारलं गेलं, रायफल घरात कुठे ठेवता.